पिंजऱ्यातील ऋतू

प्रस्तावना

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या चंदीगडमध्ये उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा हे तिन्ही ऋतू आपापले टोक गाठतात. माणूस त्यांच्याशी जुळवून घेतो. तो उन्हाळ्यात सावलीत बसतो, थंडीत उन्हात सरकतो, कपडे आणि आहार बदलतो. रानातला प्राणीही बिळात शिरून, झाडाच्या आडोशाला जाऊन किंवा स्थलांतर करून स्वतःचे रक्षण करतो. पिंजऱ्यात पाळलेल्या प्राण्याला मात्र यांपैकी काहीच करता येत नाही. त्याच्या वाट्याला कोणता ऋतू यावा, हे त्याचा पालक ठरवतो. अलीकडच्या काळात शहरांतील अनेक घरांत गिनी पिग हा छोटा, निरुपद्रवी प्राणी हौसेने पाळला जातो. चंदीगडसारख्या विषम हवामानाच्या शहरात त्याची काळजी कशी घ्यावी आणि त्यामागील शास्त्रीय कारणे कोणती, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही:
• गिनी पिगचे मूळ स्थान आणि त्याच्या शरीराची घडण यांचा हवामानाशी असलेला संबंध सांगू शकाल;
• चंदीगडमधील ऋतूंचे त्याच्यावर होणारे परिणाम स्पष्ट करू शकाल;
• उष्माघाताची व श्वसनविकाराची लक्षणे ओळखू शकाल;
• प्राणी पाळणाऱ्याची नैतिक व कायदेशीर जबाबदारी विशद करू शकाल;
• सूचना देताना वापरल्या जाणाऱ्या विध्यर्थी व संकेतार्थी वाक्यांचा उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. डोंगरातला पाहुणा

‘गिनी पिग’ या नावातील दोन्ही शब्द दिशाभूल करणारे आहेत. हा प्राणी आफ्रिकेतील गिनी देशाचा नव्हे आणि डुकराच्या कुळातलाही नव्हे. तो कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणात मोडतो. उंदीर, खार आणि साळिंदर हे त्याचे दूरचे नातलग होत. ‘केव्हिया पोर्सेलस’ हे त्याचे शास्त्रीय नाव.

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत राहणाऱ्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी या प्राण्याला माणसाळवले. तेथील उंच प्रदेशात दिवसा हवा सौम्य असते आणि रात्री कडाक्याची थंडी पडते. त्या लोकांनी हे प्राणी प्रामुख्याने मांसासाठी पाळले. पेरू, बोलिव्हिया, एक्वादोर या देशांतील खेड्यांत आजही ते स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला ठेवले जातात. या प्राण्याचे रानटी भाईबंद गवताळ प्रदेशात कळपाने राहतात. ते पहाटे व संध्याकाळी चरायला बाहेर पडतात आणि ऊन किंवा थंडी वाढली की दाट गवतात, दगडांच्या कपारीत अथवा दुसऱ्या प्राण्याने खणलेल्या बिळात आसरा घेतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी गिनी पिग युरोपात नेला आणि पुढे तो जगभर पसरला.

वैद्यकशास्त्रावर या मुक्या जिवाचे मोठे ऋण आहे. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला, तेव्हा त्यांच्या प्रयोगांचा मोठा आधार गिनी पिग हाच होता. पुढे मुंबईत प्लेगची लस तयार करणारे डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९२ मध्ये पॅरिसला पटकीची लस सिद्ध केली, तीही याच प्राण्याच्या साहाय्याने. परळ येथील हाफकिन संस्था त्यांचे नाव आजही चालवते. प्रयोगशाळेत माणसासाठी प्राण वेचणारा हा जीव आता घराघरांत मुलांचा सवंगडी झाला आहे.

२. शरीराची घडण

पूर्ण वाढलेल्या गिनी पिगचे वजन साधारणपणे ७०० ग्रॅम ते सव्वा किलो असते. चांगली निगा राखल्यास तो पाच ते सात वर्षे जगतो. त्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ ते ३९.५ अंश सेल्सिअस असते. आखूड पाय, गोलसर बांधा आणि दाट केस ही रचना थंड डोंगराळ प्रदेशाला साजेशी आहे. उष्ण प्रदेशात मात्र तीच त्याला अडचणीची ठरते.

माणसाला उकडू लागले की घाम येतो. घामाची वाफ होताना ती त्वचेतील उष्णता घेऊन जाते आणि शरीर थंड होते. गिनी पिगला घामाद्वारे अंग थंड करता येत नाही. कुत्र्याप्रमाणे धापा टाकून उष्णता बाहेर टाकण्याची क्षमताही त्याच्यात फारशी नाही. उंदराला केसविरहित लांब शेपटीतून काही उष्णता बाहेर टाकता येते, पण गिनी पिगला शेपूटच नाही. उरतात ते केवळ पातळ कान आणि उघडे तळपाय.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. पंखा सुरू केला की माणसाला गार वाटते, कारण त्याच्या अंगावरचा घाम वाळतो. ज्याला घामच येत नाही, त्याला केवळ पंख्याने फारसा गारवा मिळत नाही. खोलीतील हवा तापलेली असेल तर पंखा तीच तापलेली हवा त्याच्या अंगावर लोटत राहतो. माणसाला खोली सुसह्य वाटते, म्हणून ती प्राण्यालाही सुसह्य असेलच असे नाही.

गिनी पिगला साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पारा २७-२८ अंशांपुढे गेला की त्याच्या शरीरावर ताण येऊ लागतो आणि ३० अंशांच्या वर उष्माघाताचा धोका संभवतो. हवा दमट असेल तर हा धोका आणखी वाढतो. दुसऱ्या बाजूला तापमान १५ अंशांखाली उतरले की उबेची सोय करावी लागते.

३. हवामानाचा विचार करणारे शहर

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला नव्या राजधानीची गरज भासली. १९५१ मध्ये ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पकाराकडे चंदीगडच्या आराखड्याचे काम आले. पिएर जानेरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू हे त्यांचे सहकारी होते. त्यांच्यापुढील मोठा प्रश्न उन्हाचा होता. त्यामुळे येथील शासकीय इमारतींच्या दर्शनी भागावर काँक्रीटचे खोल सूर्यरोधक दिसतात. त्यांच्यामुळे उन्हाळ्यातील उंचावरचा सूर्य अडतो आणि हवा खेळती राहते. २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या कॅपिटॉल संकुलात ही रचना ठळकपणे पाहावयास मिळते. सर्वसामान्य कर्मचाऱ्यांच्या घरांनाही विटांच्या जाळ्या, सज्जे आणि व्हरांडे देण्यात आले.

अशा घरात राहणारे कुटुंब ऋतूप्रमाणे घरातल्या घरात स्थलांतर करीत असते. जानेवारीत सारे जण गच्चीवरच्या उन्हात बसतात, तर जूनच्या दुपारी उत्तरेकडील अंधाऱ्या खोलीत येतात. उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर झोपण्याची रीत उत्तर भारतात जुनीच आहे. याच घराच्या कोपऱ्यात ठेवलेला पिंजरा मात्र वर्षभर एकाच जागी राहिला, तर त्यातील प्राण्याला कोणत्याही ऋतूपासून सुटका नसते. तेव्हा या पाठाचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर असा: पिंजऱ्यामुळे प्राण्याचे जागा निवडण्याचे जे स्वातंत्र्य हिरावले जाते, ते त्याला परत मिळवून देणे म्हणजेच त्याचे हवामानापासून रक्षण करणे.

हे दोन प्रकारे साधता येते. पहिला उपाय म्हणजे ऋतूनुसार पिंजऱ्याची जागा बदलणे. दुसरा उपाय म्हणजे पिंजऱ्याच्या आतही नेहमी दोन वेगळ्या जागा ठेवणे, एक उबदार आणि एक थंड. यांपैकी कोणती जागा हवी ते प्राणी स्वतः ठरवतो आणि तो कोठे बसला आहे हे पाहून पालकालाही त्याची गरज कळते. यासाठी पिंजरा पुरेसा ऐसपैस असावा आणि त्याच्या तळाच्या उंचीवर एक साधा तापमापक टांगावा. भिंतीवर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेला तापमापक प्राण्याच्या जागेचे खरे तापमान दाखवीत नाही.

पाठगत प्रश्न : १

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. गिनी पिगचे मूळ स्थान: (क) आफ्रिकेतील गिनी देश (ख) अँडीज पर्वतराजी (ग) शिवालिक टेकड्या
२. गिनी पिगला मानवणारे तापमान: (क) ५ ते १० अंश (ख) १८ ते २४ अंश (ग) ३० ते ३५ अंश

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. केवळ पंख्याने गिनी पिगला फारसा गारवा का मिळत नाही?
२. पिंजऱ्याच्या आत दोन वेगळ्या जागा का असाव्यात?

४. उन्हाळा: कोरडा दाह

चंदीगडमध्ये मे आणि जून महिन्यांत अनेक दिवस कमाल तापमान ४० अंशांच्या वर जाते. पश्चिमेकडून ‘लू’ नावाचे कोरडे, झोंबणारे वारे वाहतात. इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर परिस्थिती अधिक बिकट असते. छत दिवसभर ऊन शोषून घेते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडत राहते. त्यामुळे सूर्य मावळला म्हणून धोका टळला, असे समजू नये.

या दिवसांत पिंजरा तळमजल्यावरील, शक्यतो उत्तरेकडील खोलीत ठेवावा. पश्चिमेकडील खिडकीपाशी किंवा काचेने बंद केलेल्या बाल्कनीत तो कधीही ठेवू नये. खिडक्या सकाळी लवकर बंद करून पडदे ओढावेत आणि रात्री बाहेरची हवा गार झाल्यावर उघडाव्यात. वाळ्याचे किंवा गोणपाटाचे ओले पडदे खिडकीला लावल्यास कोरडी हवा त्यातून गार होऊन आत येते. वाळवंटी कूलर याच तत्त्वावर चालतो. मात्र कूलरचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नये.

पिंजऱ्यातील थंड कोपऱ्यासाठी साध्या वस्तू पुरतात. शहाबादी फरशीचा तुकडा किंवा मातीची कौलारू लादी एका बाजूला ठेवल्यास प्राणी तिच्यावर अंग पसरतो. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून ती जाड सुती कापडात गुंडाळावी आणि पिंजऱ्याच्या एकाच बाजूला ठेवावी. कापडाशिवाय ठेवलेला बर्फ त्वचेला इजा करतो. वीज जाण्याची शक्यता लक्षात घेऊन अशा दोन-तीन बाटल्या नेहमी तयार असाव्यात. पिण्याचे पाणी दिवसातून किमान दोनदा बदलावे, कारण तापलेले पाणी प्राणी पीत नाही. लांब केसांच्या जातींचे केस उन्हाळ्यापूर्वी कातरावेत. दोन प्राणी एकत्र असतील तर त्यांना एकमेकांपासून दूर बसता येईल इतकी जागा हवी. गाभण मादी, वृद्ध आणि लठ्ठ प्राणी यांना उन्हाळा अधिक बाधतो. प्रवास अटळ असेल तर तो पहाटे किंवा रात्री करावा. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत प्राण्याला क्षणभरही एकटे ठेवू नये.

५. पावसाळा: फसवा गारवा

जुलैच्या सुरुवातीला चंदीगडमध्ये पाऊस दाखल होतो आणि सप्टेंबरपर्यंत टिकतो. पारा काही अंशांनी उतरतो, त्यामुळे संकट संपले असे वाटते. वास्तविक या काळातील दमट हवा गिनी पिगसाठी तितकीच त्रासदायक असते. हवेत आधीच बाष्प भरलेले असल्याने पाण्याची वाफ होणे मंदावते. मे महिन्यात उपयोगी पडलेला कूलर आता गारवा देत नाही, उलट ओलावा वाढवतो. अशा वेळी ओले पडदे काढून टाकावेत, खोलीत हवा खेळती ठेवावी आणि शक्य असल्यास वातानुकूलन यंत्राने तापमान २४-२५ अंशांवर स्थिर ठेवावे.

पावसाळ्यात वाळलेल्या गवताला बुरशी लागते. असे गवत खाल्ल्याने किंवा त्याचा अंश नाकात गेल्याने प्राणी आजारी पडतो. गवत कोरड्या, हवेशीर जागी साठवावे आणि कुबट वास येताच टाकून द्यावे. ओल्या बिछान्यात मूत्रातील अमोनिया साठतो, माश्या येतात आणि प्राण्याच्या मागील भागाला जखमा होऊन त्यात अळ्या पडू शकतात. म्हणून ओला बिछाना रोजच्या रोज बदलणे आवश्यक असते.

६. उष्माघात: लक्षणे आणि प्रथमोपचार

उष्माघाताचे पहिले चिन्ह म्हणजे प्राण्याची बदललेली बैठक. एरवी अंग आवरून बसणारा गिनी पिग कुशीवर लांब पसरतो. श्वास जलद होतो, कान लाल आणि गरम लागतात, तोंडातून लाळ गळून हनुवटी ओली होते. त्यानंतर तो मलूल होतो, त्याला तोल सावरत नाही आणि शेवटी झटके येतात. ही अखेरची अवस्था प्राणघातक ठरते.

पहिली लक्षणे दिसताच प्राण्याला थंड खोलीत न्यावे. साध्या गार पाण्यात भिजवलेले कापड त्याच्या कानांना आणि तळपायांना लावावे. बर्फाच्या पाण्यात त्याला बुडवू नये. अचानक आलेल्या गारठ्याने कातडीतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आतील उष्णता बाहेर पडण्याची वाटच बंद होते. पाणी समोर ठेवावे, परंतु बळजबरीने तोंडात ओतू नये, कारण ते फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. हे उपाय करीत असतानाच पशुवैद्यकाशी संपर्क साधावा. प्राणी सावरल्यासारखा दिसला तरी त्याची तपासणी करून घ्यावी.

७. हिवाळा: धुके आणि गारठा

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे चंदीगडमधील सुखद महिने. मात्र या काळात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठी तफावत असते. दुपारी उघडी ठेवलेली खिडकी रात्री तशीच राहिली, तर पहाटेचा गार वारा थेट पिंजऱ्यावर येतो. डिसेंबरअखेरीस आणि जानेवारीत दाट धुके पडते. किमान तापमान कधी ५ अंशांच्याही खाली उतरते आणि सूर्यदर्शन न झालेल्या दिवशी दुपारचे तापमानही १५ अंशांपर्यंत पोहोचत नाही.

चंदीगडजवळील छतबीर प्राणिसंग्रहालयात थंडीच्या दिवसांत काही प्राण्यांसाठी हीटर लावले जातात आणि वाळलेल्या गवताचे बिछाने घातले जातात. उन्हाळ्यात तेथेच कूलर आणि पाण्याचे फवारे सुरू होतात. जे तत्त्व मोठ्या प्राणिसंग्रहालयाला लागू पडते, तेच घरातील लहान पिंजऱ्यालाही लागू आहे.

हिवाळ्यात पिंजरा थंड फरशीवर न ठेवता थोड्या उंचीवर ठेवावा. तो दार आणि खिडकी यांपासून दूर असावा. रात्री त्याच्या तीन बाजू जाड चादरीने झाकाव्यात आणि चौथी बाजू हवेसाठी मोकळी ठेवावी. आत कोरड्या गवताचा जाड थर घालावा आणि एका कोपऱ्यात खोके उलटे ठेवून दार कापावे. या छोट्या घरात गवत भरल्यास प्राणी त्यात शिरून स्वतःच्या अंगाची ऊब साठवतो. गिनी पिग समूहप्रिय असल्याने दोन मैत्रिणी किंवा दोन भाऊ एकत्र असल्यास ते एकमेकांना बिलगून थंडी निभावतात.

खोलीत विजेचा हीटर वापरायचा असल्यास तो पिंजऱ्यापासून पुरेसा दूर ठेवावा आणि त्याची तार प्राण्याच्या दातांच्या टप्प्यात येऊ देऊ नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि पेटवू नये. अपुऱ्या हवेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो माणूस व प्राणी दोघांचाही झोपेतच बळी घेतो. दुपारचे कोवळे ऊन पडले असेल तर पिंजरा थोडा वेळ गच्चीत न्यावा, पण त्याचा अर्धा भाग सावलीत असावा आणि मांजर, घार यांच्यावर लक्ष ठेवावे. थंडीत या प्राण्याला अंघोळ घालू नये.

शिंका, नाकातून किंवा डोळ्यांतून स्राव, घरघरणारा श्वास आणि अन्नावरची वासना जाणे ही श्वसनविकाराची लक्षणे होत. अशा वेळी माणसांची औषधे देण्याचा मोह टाळावा. घरोघरी सापडणारी पेनिसिलिन वर्गातील प्रतिजैविके, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन, गिनी पिगच्या आतड्यातील उपयुक्त जंतू नष्ट करतात आणि त्यामुळे त्याचा मृत्यू ओढवू शकतो. औषध पशुवैद्यकानेच ठरवावे.

८. आहार आणि नित्य निरीक्षण

१९०७ मध्ये नॉर्वेतील दोन शास्त्रज्ञ, होल्स्ट आणि फ्रोलिख, यांना असे आढळले की केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनी पिगना स्कर्व्ही हा रोग होतो. माणसाप्रमाणेच या प्राण्याच्या शरीरातही ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. या निरीक्षणातून पुढे ‘क’ जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली. ‘क’ जीवनसत्त्वाचा अभाव असलेला प्राणी रोगांचा प्रतिकार करू शकत नाही, म्हणून ऋतुबदलाच्या काळात आहाराकडे विशेष लक्ष द्यावे. अखंड उपलब्ध असलेले वाळलेले गवत हा मुख्य आहार असावा. त्याच्या जोडीला ढोबळी मिरची, कोथिंबीर यांसारखा ताजा भाजीपाला आणि अधूनमधून पेरूची लहान फोड द्यावी. उन्हाळ्यात काकडीचे काप उपयुक्त ठरतात. पाण्यात मिसळलेले ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने व प्रकाशाने लवकर नष्ट होते, त्यामुळे ते अन्नातूनच मिळणे चांगले.

रानात दुर्बळ दिसणारा प्राणी शिकाऱ्याच्या तावडीत प्रथम सापडतो. त्यामुळे गिनी पिग आपला आजार शेवटपर्यंत लपवतो. ओरडणे, कण्हणे या मार्गाने तो दुःख सांगेलच असे नाही. यासाठी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर दर आठवड्याला त्याचे वजन करून वहीत टिपावे. वजन सतत घटत असेल, लेंड्यांचे प्रमाण कमी झाले असेल किंवा अर्धा दिवस त्याने काहीच खाल्ले नसेल, तर विलंब न करता पशुवैद्यकाकडे न्यावे. या प्राण्याचे आतडे सतत चालते राहावे लागते. ते थांबले की प्रकृती झपाट्याने खालावते.

९. पालकाची जबाबदारी

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला. प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या कल्याणाची काळजी घेतली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. मालकाने प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे हा त्याअन्वये अपराध ठरतो. म्हणजे मारहाण ही जशी क्रूरता आहे, तसाच निष्काळजीपणाही क्रूरतेत मोडतो. २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम लागू झाले आणि दुकानाची नोंदणी बंधनकारक झाली. त्यामुळे प्राणी आणण्यापूर्वी दुकान नोंदणीकृत आहे का, हे पाहावे.

त्याहून आधी काही प्रश्न स्वतःला विचारावेत. जूनच्या दुपारी घरातील सर्वांत थंड जागा कोणती? सुटीत कुटुंब गावी गेल्यावर पाणी कोण बदलणार? लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्यक जवळपास आहे का? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळत नसतील तर प्राणी न आणणे हीदेखील त्याच्यावर केलेली दयाच होय. चंदीगडला जे लागू आहे ते नागपूर, चंद्रपूर, जळगाव यांसारख्या तापणाऱ्या शहरांनाही लागू आहे. पाहुण्याला घरी आणणे सोपे असते, पण त्याला साऱ्या ऋतूंत सांभाळण्यातच खरी आपुलकी दिसून येते.

पाठगत प्रश्न : २

(अ) चूक की बरोबर ते सांगा.
१. पावसाळ्यात कूलरमुळे गिनी पिगला उन्हाळ्याइतकाच गारवा मिळतो.
२. उष्माघात झालेल्या प्राण्याला बर्फाच्या पाण्यात बुडवावे.
३. गिनी पिगच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही.

(आ) रिकाम्या जागा भरा.
१. बंद खोलीत कोळसा जळताना ________ हा विषारी वायू तयार होतो.
२. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा ________ मध्ये झाला.

शब्दार्थ

विषम: टोकाचे चढउतार असलेले
कृंतक: कुरतडणारे (प्राणी)
माणसाळवणे: माणसाच्या सहवासाची सवय लावणे
पटकी: कॉलरा
सूर्यरोधक: ऊन अडवण्यासाठी इमारतीच्या बाहेरच्या अंगाला केलेली रचना
बाष्प: वाफ, हवेतील ओलावा
मलूल: निस्तेज, गळून गेलेला
प्रतिजैविक: रोगजंतूंचा नाश करणारे औषध
वासना जाणे: (येथे) खाण्याची इच्छा नष्ट होणे

भाषाभ्यास

या पाठात ‘पिंजरा तळमजल्यावर ठेवावा’, ‘बर्फाच्या पाण्यात बुडवू नये’ अशी अनेक वाक्ये आली आहेत. क्रियापदाच्या रूपावरून कर्तव्य, योग्यता, शक्यता किंवा इच्छा यांचा बोध होतो, तेव्हा ते विध्यर्थी वाक्य असते. ‘पिंजरा तळमजल्यावर ठेव’ असे म्हटल्यास ते आज्ञार्थी होते. आज्ञा एका विशिष्ट व्यक्तीला दिली जाते, तर विध्यर्थी वाक्यातील सूचना सर्वांसाठी असते. म्हणूनच माहितीपर लेखनात विध्यर्थाचा वापर अधिक आढळतो.

‘पाऊस पडला असता, तर गवत कुजले असते’ या वाक्यात एक क्रिया दुसरीवर अवलंबून आहे आणि अट पूर्ण झालेली नाही, असा बोध होतो. असे वाक्य संकेतार्थी असते.

कृती: पुढील वाक्ये कंसातील सूचनेनुसार बदला.
१. पाणी दिवसातून दोनदा बदल. (विध्यर्थी करा)
२. खिडकी बंद केली नाही, म्हणून प्राणी आजारी पडला. (संकेतार्थी करा)

तुम्ही काय शिकलात

• गिनी पिग मूळचा अँडीज पर्वतातील असल्याने त्याला तीव्र उष्णता सोसत नाही.
• घामाद्वारे अंग थंड करता येत नसल्यामुळे त्याला गार हवा आणि गार पृष्ठभाग यांची गरज असते.
• कोरड्या आणि दमट उष्म्यासाठी वेगवेगळे उपाय योजावे लागतात.
• हिवाळ्यात कोरडा बिछाना, वाऱ्यापासून आडोसा आणि खेळती हवा या तिन्ही गोष्टी आवश्यक असतात.
• जागा निवडण्याची मुभा देणे हे प्राण्याच्या रक्षणाचे मुख्य सूत्र आहे.

पाठांत प्रश्न

१. गिनी पिगच्या शरीराची घडण उष्ण प्रदेशात अडचणीची का ठरते, ते स्पष्ट करा.
२. ‘पावसाळ्यातील गारवा फसवा असतो’ या विधानाची कारणे लिहा.
३. चंदीगडच्या रचनेत हवामानाचा विचार कसा केला गेला? त्यातून प्राणिपालकाला काय शिकता येईल?
४. ‘निष्काळजीपणाही क्रूरतेत मोडतो’ या विधानाविषयी तुमचे मत आठ ते दहा वाक्यांत लिहा.
५. तुमच्या परिसरातील कोणत्याही एका पाळीव प्राण्याची उन्हाळ्यातील दिनचर्या आठवडाभर पाहा आणि त्याच्या सोयीसाठी पाच सूचना विध्यर्थी वाक्यांत लिहा.

उत्तरे

पाठगत प्रश्न १: (अ) १. (ख) २. (ख)
(आ) १. गिनी पिगला घाम येत नसल्यामुळे पंख्याच्या वाऱ्याने त्याला फारसा गारवा मिळत नाही. २. प्राण्याला गरजेनुसार उबदार किंवा थंड जागा स्वतः निवडता यावी, म्हणून दोन वेगळ्या जागा असाव्यात.

पाठगत प्रश्न २: (अ) १. चूक २. चूक ३. बरोबर
(आ) १. कार्बन मोनॉक्साइड २. १९६०

भाषाभ्यास: १. पाणी दिवसातून दोनदा बदलावे. २. खिडकी बंद केली असती, तर प्राणी आजारी पडला नसता.